बायोप्सीच्या रिपोर्टातली ‘न्यूक्लिओलाय’ आणि पेशीवरचा ताण

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरातलं कोणीतरी त्यातला एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसतं आणि ‘प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय’पाशी अडतं. अर्थ साधा आहे: पेशींच्या केंद्रकातला एक ठिपका ठळक दिसतोय. पण पॅथॉलॉजिस्ट या ठिपक्याला किती वजन देतात ते पाहा. मूत्रपिंडाच्या ‘क्लिअर सेल’ कर्करोगाच्या चार श्रेणींपैकी पहिल्या तीन त्याच्यावरूनच ठरतात. सूक्ष्मदर्शकात ४०० पट मोठं करूनही ठिपका दिसत नसेल किंवा जेमतेम दिसत असेल, तर पहिली. ४०० पटीला स्पष्ट दिसतो पण १०० पटीला डोळ्यांत भरत नाही, तर दुसरी. १०० पटीलाच डोळ्यांत भरला, तर तिसरी. (चौथीसाठी पेशींचा एकूण बेढबपणा पाहतात.)

हा ठिपका म्हणजे केंद्रकी, अर्थात न्यूक्लिओलस. शाळेच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एक ओळ येते: ‘इथे रायबोसोम तयार होतात.’ ओळ खरी आहे, पण अपुरी. पेशीवर ताण आला की सर्वांत आधी ज्या जागा बदलतात त्यांत केंद्रकी असते, आणि पुढे पेशीने थांबायचं, सावरायचं की मरायचं, या निर्णयात तिचा मोठा हात असतो. ताण म्हणजे इथे मनावरचा ताण नव्हे. पेशीच्या नेहमीच्या कामात अडथळा आणणारी कोणतीही गोष्ट: जास्त उष्णता, अतिनील किरण, अन्नाचा किंवा ऑक्सिजनचा तुटवडा, विषाणू, केमोथेरपीचं औषध.

भिंती नाहीत, तरी जागा ठरलेल्या

माणसाच्या पेशीचं केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रोमीटर रुंद असतं. (१००० मायक्रोमीटर म्हणजे १ मिलिमीटर.) एवढ्याशा जागेत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए बसवलेला असतो. केंद्रकाला बाहेरून दुहेरी पडदा असतो, आत मात्र एकही पडदा नाही. तरीही आत वेगवेगळ्या कामांच्या वेगवेगळ्या जागा दिसतात. केंद्रकी त्यांतली सर्वांत मोठी. तिच्याखेरीज पीएमएल बॉडी, स्पेकल, पॅरास्पेकल अशा लहान जागा असतात. त्यांतल्या एकीकडे आपण पुढे येऊच.

पडद्याशिवाय हे सगळं एकत्र कसं राहतं? २०११ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशीतल्या केंद्रकींचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. दोन केंद्रकी एकमेकींना टेकल्या की मिसळून एकच गोल केंद्रकी होते. पाण्यावर तेलाचे थेंब एकत्र होतात तोच हा भौतिक प्रकार. केंद्रकी हा विशिष्ट आरएनए आणि प्रथिनं एकमेकांना धरून राहिल्याने बनलेला दाट थेंब आहे.

थेंब म्हटल्यावर एक गोष्ट ओघाने येते. पडद्याची पिशवी आतलं काम थांबलं तरी तशीच राहते. थेंब मात्र आत नवा आरएनए तयार होत असेल तोवरच आपली रचना टिकवतो. पेशी विभागताना हे काम थांबतं, तेव्हा केंद्रकी विरघळून जाते. विभाजन संपून काम सुरू झालं की पुन्हा उभी राहते. कामाची गती आणि रचनेचा आकार यांची अशी सांगड असल्यामुळेच आकाराकडे पाहून कामाचा अंदाज येतो.

केंद्रकीत नेमकं काय बनतं

रायबोसोम हे प्रथिनं बनवणारं यंत्र. माणसाच्या एका रायबोसोममध्ये ४ आरएनए आणि ८० प्रथिनं असतात. यांतल्या तीन आरएनएंची जनुकं १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर शेकडो प्रतींमध्ये ओळीने बसलेली असतात. केंद्रकी याच जनुकांभोवती उभी राहते. आरएनए पॉलिमरेज १ नावाचं एन्झाइम (पुढे फक्त पॉल-१) ती वाचतं आणि सुमारे १३,००० अक्षरांचा एक लांबलचक आरएनए बनवतं. तो कापून तिन्ही आरएनए वेगळे काढतात. चौथा, ‘५-एस’ नावाचा छोटा आरएनए, १ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या जनुकांपासून दुसरं एन्झाइम बनवतं आणि तो केंद्रकीत आणला जातो. ८० प्रथिनं तर केंद्रकाच्याही बाहेर बनतात आणि जोडणीसाठी आत येतात. जोडणीला हातभार लावणारी, पण तयार रायबोसोममध्ये न राहणारी प्रथिनं २०० हून अधिक आहेत.

केंद्रकीचे तीन थर असतात. अगदी आतल्या थराच्या कडेला जनुकं वाचली जातात, मधल्या थरात कापाकापी सुरू होते, बाहेरच्या दाणेदार थरात प्रथिनं जोडली जातात. माल आतून बाहेर सरकत तयार होतो.

वेग किती? प्रयोगशाळेत जोमाने वाढणाऱ्या हेला पेशीत मिनिटाला सुमारे ७५०० रायबोसोमचे अर्धे भाग तयार होतात असा अंदाज आहे. (एका रायबोसोमचे दोन भाग असतात, एक मोठा आणि एक लहान.) पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोसोमचाच असतो. वाढत्या पेशीचं हे सर्वांत खर्चिक काम. ऊर्जा कमी पडो, कच्चा माल कमी पडो, डीएनएत काही अडकलेलं असो, पहिला फटका इथेच बसतो.

मग ठळक केंद्रकी म्हणजे कर्करोगच का?

नाही. ठळक केंद्रकीचा अर्थ एवढाच की ही पेशी भरपूर रायबोसोम बनवते आहे. यकृताचा तुकडा काढल्यावर पुन्हा वाढणाऱ्या पेशींत ती मोठी होते. मेंदूतल्या मोठ्या चेतापेशी विभागत नाहीत, पण प्रथिनं भरपूर बनवतात. त्यांच्यात ठळक केंद्रकी हीच सामान्य स्थिती. पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच कोणत्या ऊतकात, कोणत्या पेशीत, इतर कोणत्या खुणांसोबत ती दिसते हे पाहून मत देतात. रिपोर्टातली एकच ओळ वेगळी काढून घाबरण्यात अर्थ नाही, आणि तिच्यावरून निर्धास्त होण्यातही नाही.

धोक्याची खबर पोचते कशी

आता दोन प्रथिनांची ओळख करून घेऊ. पहिलं पी५३. पेशीत बिघाड झाला की ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ मिळवून देतं, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीला मरायला लावतं. दुसरं एमडीएम२. ते पी५३ वर ‘मोडीत काढा’ अशी रासायनिक खूण लावतं. खूण लागलेलं पी५३ पेशीची विल्हेवाट यंत्रणा तोडून टाकते. निरोगी पेशीत पी५३ सतत बनतं आणि सतत नष्ट होतं, त्याचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटं. ही उधळपट्टी वाटते, पण तिचा फायदा आहे. धोका आला तर पी५३ नव्याने बनवायला घ्यावं लागत नाही. नष्ट करणं थांबवलं की पुरतं. तास-दोन तासांत ते साठतं.

नष्ट करणं थांबवतं कोण? इथे मुंबईच्या कापड गिरणीची कल्पना करा. गिरणी चालू असते तेव्हा कामगार आत आपापल्या साच्यावर असतात. गिरणी बंद पडली की तेच कामगार रिकाम्या हाताने नाक्यावर येतात. गिरणी बंद पडल्याची बातमी गावाला कळायला वेगळा भोंगा लागत नाही. नाक्यावरची गर्दीच ती सांगते. केंद्रकीत हेच होतं. पॉल-१ थांबलं किंवा जोडणी अडली, की मोठ्या भागात बसायची दोन प्रथिनं, आरपीएल५ आणि आरपीएल११, बसायला जागा नसल्यामुळे मोकळी राहतात. ५-एस आरएनए सोबत असतोच. हे त्रिकूट एमडीएम२ ला जाऊन चिकटतं आणि त्याचे हात बांधून ठेवतं. पी५३ वर खूण लागत नाही, ते साठत जातं आणि पेशी थांबते.

याच दोन प्रथिनांना हे काम का? रायबोसोमची बाकीची प्रथिनं मोकळी राहिली तर पेशी ती चटकन तोडून टाकते. हे त्रिकूट मात्र एकमेकांना धरून असल्यामुळे टिकून राहतं.

याचा उत्तम पुरावा उंदरांत मिळाला. एमडीएम२ मधलं केवळ एक अमिनो आम्ल बदललं की आरपीएल११ त्याला पकडू शकत नाही. असे उंदीर बनवले तेव्हा डीएनएला इजा झाल्यावर त्यांचं पी५३ नेहमीसारखंच वाढत होतं; रायबोसोमच्या कामात बिघाड केला तर मात्र नीट वाढत नव्हतं. ‘मिक’ या कर्करोगी जनुकाचा जोर असलेल्या अशा उंदरांत लिम्फोमा लवकर उद्भवला. हे काम २०१० मधलं. म्हणजे ही वाट निव्वळ काचेच्या तबकडीतली करामत नाही, जिवंत प्राण्यात ती कर्करोग रोखते.

पण डीएनएला इजा झाली की पी५३ आपोआप जागं होतं ना?

पाठ्यपुस्तकात तसंच शिकवतात. डीएनए तुटला की एटीएम, एटीआर ही एन्झाइमं पी५३ वर आणि एमडीएम२ वर फॉस्फेट बसवतात, दोघांची पकड सुटते. हे बरोबरच आहे. पण २००३ मध्ये कार्लोस रुबी आणि जो मिल्नर यांनी एक नेटका प्रयोग केला. बारीक छिद्रांच्या पडद्यातून अतिनील किरण सोडून केंद्रकाच्या थोड्याशाच भागावर पाडले. डीएनएला इजा झाली, पण केंद्रकी शाबूत राहिली. पी५३ वाढलं नाही. उलट, डीएनएला हात न लावता पॉल-१ च्या एका साहाय्यक प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं पेशीत टोचून केंद्रकी मोडली, तर पी५३ वाढलं.

यावरून ‘केंद्रकी मोडल्याशिवाय पी५३ वाढतच नाही’ असा निष्कर्ष काहींनी काढला. तो ताणलेला होता. २००९ मध्ये दिसलं की रायबोसोमच्या लहान भागातलं आरपीएस६ हे प्रथिन कमी केलं तर केंद्रकी दिसायला जशीच्या तशी राहते, तरी पी५३ वाढतं. आकार बिघडला तर गडबड नक्की आहे; आकार नीट आहे म्हणून गडबड नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

ताण वेगळा, आकार वेगळा

ॲक्टिनोमायसिन-डी हे औषध सेलमन वाक्समन आणि बॉइड वुड्रफ यांनी १९४० मध्ये स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून वेगळं केलं. लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरसाठी ते आजही वापरतात. ते डीएनएमधल्या जी आणि सी या अक्षरांच्या जोड्यांपाशी जाऊन बसतं. रायबोसोमच्या जनुकांत या जोड्या जास्त असतात, शिवाय ती सतत वाचली जातात, त्यामुळे अगदी कमी मात्रेत, म्हणजे मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास, ते जवळजवळ फक्त पॉल-१ थांबवतं. तास-दोन तासांत केंद्रकीचे थर वेगळे होतात. आतल्या दोन थरांचे अवशेष उरलेल्या गोळ्याच्या पृष्ठभागावर सरकून टोप्यांसारखे बसतात. संशोधक त्यांना टोप्याच म्हणतात.

डीआरबी नावाच्या रसायनाचा परिणाम वेगळा. ते प्रामुख्याने इतर जनुकं वाचणाऱ्या पॉल-२ च्या कामात अडथळा आणतं. केंद्रकी तेव्हा उलगडून मण्यांच्या माळेसारखी पसरते. आणि ५-एफयू, म्हणजे आतड्याच्या कर्करोगात नेहमी दिलं जाणारं फ्लुरोयुरासिल, जनुकांचं वाचन चालू ठेवतं पण कापाकापीचे शेवटचे टप्पे अडवतं. केंद्रकी फारशी बदललेली दिसत नाही. २०१० मध्ये केमोथेरपीची ३६ औषधं या दृष्टीने तपासली गेली तेव्हा साधारण हाच नियम दिसला: सुरुवातीचा टप्पा अडवणारी औषधं केंद्रकी मोडतात, शेवटचा अडवणारी बऱ्याचदा मोडत नाहीत.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चुका इथेच होतात, म्हणून थोडं थांबू. ॲक्टिनोमायसिनची मात्रा काही पट वाढली की पॉल-२ सुद्धा थांबतं, आणि मग दिसलेला परिणाम केंद्रकीचा म्हणता येत नाही. एकच खूण रंगवून पाहणं अपुरं: बाहेरच्या थरातलं एनपीएम१ हे प्रथिन पसरलेलं दिसेल, पण टोप्या झाल्या का ते कळायला मधल्या थरातलं फायब्रिलारिन रंगवावं लागतं, आणि काम खरोखर थांबलं का ते कळायला न कापलेल्या लांब आरएनएचं प्रमाण मोजावं लागतं. चमकणारं प्रथिन पेशीत प्रमाणाबाहेर बनवलं तर ते स्वतःच गोळे करतं आणि तेच ‘नवी रचना’ म्हणून मिरवलं जातं. उष्णतेचा प्रयोग करताना इनक्युबेटर ४२ अंशांवर लावला म्हणून तबकडीतलं द्रावण लगेच ४२ अंशांना जात नाही. हवेतून ते सावकाश तापतं. तबकडी नीट बंद करून गरम पाण्याच्या टाकीत बुडवणं जास्त खात्रीचं. आणि पी५३ चा अभ्यास हेला पेशींत करू नये: त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या आहेत आणि त्यांच्यातल्या पॅपिलोमा विषाणूचं ई६ हे प्रथिन पी५३ ला टिकूच देत नाही. केंद्रकी मोडेल, पी५३ मात्र जेमतेम हलेल, आणि नसलेला शोध लागल्यासारखं वाटेल.

उष्णतेची वाट निराळी

इटलीत फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत राक्षसी आकाराची गुणसूत्रं असतात. तापमान वाढवलं की त्यांच्या ठरावीक ठिकाणी फुगवटे येतात, म्हणजे तिथली जनुकं एकदम जोरात वाचली जातात. डायनायट्रोफिनॉल आणि सॅलिसिलेट या रसायनांनीही तेच फुगवटे आले. म्हणजे प्रतिसाद एकट्या उष्णतेला नव्हता. या फुगवट्यांतून हीट शॉक प्रथिनं बनतात, हे १९७४ मध्ये कळलं. उष्णतेने विस्कटलेल्या इतर प्रथिनांची घडी सावरायचं काम ती करतात.

एक फुगवटा मात्र कोड्यात टाकणारा होता: ९३-डी. तिथून भरपूर आरएनए निघतो, पण नेहमीच्या अर्थाने प्रथिन बनत नाही. या आरएनएचा छडा लावण्यात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या सुभाष लाखोटिया यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. त्यांनी २००० साली दाखवलं की हा आरएनए काही प्रथिनांना सोबत घेऊन केंद्रकात बारीक ठिपके बनवतो. त्यांना ‘ओमेगा स्पेकल’ असं नाव दिलं. ही प्रथिनं इतर आरएनएंच्या प्रक्रियेत लागणारी. उष्णता वाढली की विखुरलेले ठिपके एकत्र येतात, ९३-डी पाशी गोळा होतात आणि प्रथिनं तिथे धरून ठेवतात.

माणसात तेच जनुक नाही, पण युक्ती तीच आहे. ४२ अंशांवर तासभर ठेवलेल्या मानवी पेशीत एचएसएफ१, म्हणजे हीट शॉक जनुकं चालू करणारं प्रथिन, ९ क्रमांकाच्या गुणसूत्रावरच्या ‘सॅटेलाइट-३’ नावाच्या पट्ट्यावर गोळा होतं. हा पट्टा म्हणजे त्याच त्या छोट्या मजकुराच्या असंख्य पुनरावृत्ती. बराच काळ तो निरुपयोगी मानला जात होता. उष्णतेत मात्र तिथून लांब आरएनए निघतात, तिथेच राहतात आणि त्यांच्याभोवती ०.३ ते ३ मायक्रोमीटरचे गोळे तयार होतात. यांना न्यूक्लिअर स्ट्रेस बॉडी म्हणतात.

हे गोळे स्प्लायसिंगची प्रथिनं ओढून घेतात. स्प्लायसिंग म्हणजे कच्च्या आरएनएतला मधला नको तो भाग काढून उरलेले तुकडे जोडणं. आधी वाटत होतं की गोळे म्हणजे निव्वळ कोठार. २०२० मध्ये जपानमधल्या गटाने दाखवलं की पेशी ३७ अंशांवर परत आली की सीएलके१ नावाचं एन्झाइम या गोळ्यांत शिरतं आणि उष्णतेत या प्रथिनांवरून निघून गेलेले फॉस्फेट परत बसवतं. परिणामी काहीशे जनुकांच्या आरएनएतला मधला भाग पुन्हा न काढता तसाच ठेवला जातो. असे अर्धवट आरएनए केंद्रकातच थांबतात. म्हणजे गोळ्यांचं मुख्य काम तापताना नव्हे, निवताना आहे. एक अडचणही सांगायला हवी: हे गोळे फक्त माणूस आणि माकडवर्गीय प्राण्यांत बनतात. उंदरांत ते नाहीतच, त्यामुळे अख्ख्या शरीरात त्यांचा उपयोग काय, हे नेहमीच्या पद्धतीने तपासता येत नाही.

आणि केंद्रकी उष्णतेत काय करते? २०१९ मध्ये जर्मनीतल्या मार्टिन्सरीडच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या गटाने दाखवलं की उष्णतेने घडी विस्कटलेली प्रथिनं तिच्या बाहेरच्या थरात शिरतात. तो थर त्यांना एकमेकांना चिकटून घट्ट गठ्ठा होऊ देत नाही. तापमान उतरलं की एचएसपी७० हे हीट शॉक प्रथिन त्यांची घडी पुन्हा नीट करतं आणि ती बाहेर पडतात. पण ताण लांबला तर थराचा द्रवपणा कमी होतो, प्रथिनं आतच अडकतात आणि सावरणं अवघड होतं. एएलएस या चेतापेशींच्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारात बनणारी काही विषारी प्रथिनंही केंद्रकीत शिरून तिच्या या कामात अडथळा आणतात.

बिघाड जन्मजात असेल तर

डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियात बाळाच्या पहिल्या वर्षातच तीव्र रक्तक्षय दिसतो. अस्थिमज्जेत लाल पेशींच्या पूर्वजपेशीच कमी असतात. याचं पहिलं जनुक १९९९ मध्ये सापडलं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण ते रक्ताचं वाटावं असं काही नव्हतं. ते होतं आरपीएस१९, रायबोसोममधलं एक प्रथिन. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत दोष याच जनुकात असतो.

रायबोसोम तर प्रत्येक पेशीला लागतात, मग फटका लाल पेशींनाच का? या पूर्वजपेशी झपाट्याने विभागतात आणि थोड्या वेळात प्रचंड हिमोग्लोबिन बनवतात. जोडणी जराशी अडली तरी पी५३ वाढतं आणि त्या थांबतात किंवा मरतात. मोठ्या वयात होणाऱ्या ‘५-क्यू’ प्रकारच्या मायलोडिसप्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या आजारातही असंच घडतं. तिथे ५ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळतो आणि त्यासोबत आरपीएस१४ ची एक प्रत जाते.

ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये चेहऱ्याची हाडं नीट वाढत नाहीत. बहुतेक रुग्णांत दोष टीसीओएफ१ या जनुकात असतो, आणि त्याचं प्रथिन केंद्रकीत पॉल-१ ला मदत करणारं. चेहरा घडवणाऱ्या भ्रूणपेशी पी५३ वाढल्यामुळे मरतात. २००८ मध्ये या दोषाच्या उंदरांत पी५३ चं काम रोखलं, तर चेहऱ्याची वाढ बरीच सुधारली. मग हाच उपचार माणसात का नाही? कारण पी५३ नसलेल्या प्राण्यांना कर्करोग होतो. चेहरा वाचवायचा आणि ते दार उघडं ठेवायचं, हा सौदा कुणी करणार नाही.

औषध म्हणून ताण

सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही दोन्ही प्लॅटिनमची औषधं. दोन्ही डीएनएला चिकटतात, म्हणून दोन्ही सारखंच काम करतात असा समज होता. पण सिस्प्लॅटिन वृषण आणि अंडाशयाच्या कर्करोगात चालतं, ऑक्झॅलिप्लॅटिन मोठ्या आतड्याच्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाने या फरकाचं एक कारण दिलं: ऑक्झॅलिप्लॅटिन पेशीला मारतं ते मुख्यतः रायबोसोमची जोडणी अडवून. आतड्याच्या कर्करोगपेशी प्रथिनं बनवण्यावर फार अवलंबून असल्याने घाव तिथे बसतो.

सोमलाची, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, गोष्ट केंद्रकीबाहेरची आहे, पण सोडवत नाही. निरोगी पेशीच्या केंद्रकात साधारण १० ते ३० पीएमएल बॉडी असतात. पीएमएल या प्रथिनाची कवचं आणि आत इतर प्रथिनं. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पीएमएल दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जातं. बॉडी फुटून शेकडो बारीक कण होतात आणि पांढऱ्या पेशींची वाढ अर्ध्यावर थांबते. आर्सेनिक थेट पीएमएलला चिकटतं. त्यावर आधी ‘सुमो’ नावाची खूण लागते, मग मोडीत काढण्याची, आणि ते जोडप्रथिन नष्ट होतं. उरलेल्या चांगल्या पीएमएलपासून बॉडी पुन्हा उभ्या राहतात. ‘अ’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, ट्रेटिनॉइन, सोबत दिला तर कमी-मध्यम जोखमीच्या रुग्णांत नेहमीची केमोथेरपी न देताही १० पैकी ९ हून अधिक जण बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर एकट्या आर्सेनिकवर नव्या रुग्णांचे उपचार करून दीर्घकाळचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. मात्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, शिरेतून. ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमवर सतत लक्ष ठेवून, कारण हृदयाची लय बिघडू शकते. कुणाच्या पुडीतला सोमल याच्या जवळपासही येत नाही.

पी५३ च बिघडलेलं असेल तर?

रास्त शंका. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत पी५३ च्या जनुकात दोष असतो. अशा पेशीत त्रिकुटाने एमडीएम२ ला धरलं तरी पुढे हलणारं कुणी नाही. तरीही रायबोसोम थांबल्याचे इतर परिणाम होतातच: प्रथिनं कमी बनतात, विभाजनाला लागणारे काही घटक घटतात, पेशीची वाढ मंदावते. पण हे सावकाश होतं आणि कोणत्या गाठीत किती होईल ते सांगणं कठीण. सीएक्स-५४६१ हे रसायन पॉल-१ रोखणारं म्हणून पुढे आलं आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. नंतर दिसलं की त्याचा मारक परिणाम बऱ्याच अंशी टोपोआयसोमरेज-२ या दुसऱ्याच एन्झाइमला अडकवण्यातून येतो. केंद्रकी मोडलेली दिसली म्हणून औषधाचं खरं लक्ष्य तीच होती, असं धरता येत नाही.

थोडा ताण चांगला, मग सौना किंवा ऊन घ्यावं का?

थोड्या उष्णतेने हीट शॉक प्रथिनं वाढतात आणि तीच पेशी पुढचा मोठा तडाखा सहन करते, हे तबकडीतल्या पेशींत वारंवार दिसलंय. पण यावरून माणसाला ‘इतकी मिनिटं, इतके अंश’ असा हिशेब काढता येत नाही. तबकडीतली पेशी तासभर ४२ अंशांवर असते. आपलं शरीर घाम गाळून, त्वचेकडे रक्त वळवून आतलं तापमान ३७ च्या आसपास राखायला धडपडतं, त्यामुळे बाहेर ४२ अंश असले तरी आतल्या पेशींना ४२ मिळत नाहीत. शिवाय सगळ्या पेशींचा उंबरठा सारखा नाही. उंदरांच्या बहुतेक पेशींत एचएसएफ१ साधारण ४१-४२ अंशांना जागं होतं, तर वृषणातल्या शुक्रजनक पेशींत ३५ अंशांच्या आसपासच, कारण त्या मुळात शरीरापेक्षा थंड जागी राहतात. एकाच उष्णतेत एका अवयवाला काहीच होणार नाही आणि दुसऱ्यात ताणाची यंत्रणा धावू लागेल.

शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांपुढे गेलं आणि माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागला, तर तो उष्माघात. तिथे केंद्रकीच्या बाहेरच्या थराची गोष्ट लागू होते: घडी विस्कटलेली प्रथिनं सावरता येतात, पण काही काळच. म्हणून दवाखान्यात पोचण्याची वाट न पाहता सावलीत नेऊन, जादा कपडे काढून, अंगावर पाणी ओतत आणि वारा घालत लगेच थंड करायला सुरुवात करायची. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.